पिकअप गाडीचे मागील पाटे आणि वाढीव भार : देहू-चाकण परिसरातील मालवाहतुकीच्या संदर्भात

देहूजवळ इंद्रायणी ओलांडून येलवाडीच्या बाजूने पुढे गेले, की खालुंब्रे येथे तळेगाव-चाकण रस्ता लागतो, आणि तेथून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत जाता येते. भोसरी, चिखली, तळवडे या भागांतील लहान कारखान्यांतून चाकणच्या मोठ्या कारखान्यांकडे जाणारा सुटा माल बहुतांशी पिकअप गाड्यांतून जातो. मोठे कारखाने सुट्या भागांचा साठा फार ठेवीत नाहीत. लागेल तसा माल दिवसातून अनेक खेपांत मागवितात. ओतीव लोखंडाचे भाग, दाबयंत्रावर काढलेले पत्र्याचे भाग, साचे, पोलादी गज असा हा माल असतो. त्याच रस्त्यांवर हंगामात चाकणच्या बाजाराकडे जाणाऱ्या कांद्या-बटाट्याच्या गोण्याही असतात. या दोन मालांत एक महत्त्वाचा भेद आहे. कांद्याच्या गोण्यांनी हौदा भरला म्हणजे तो भरलेला दिसतो. ओतीव लोखंडाने अनुज्ञेय भार पूर्ण झाला तरी हौदा निम्म्याहून अधिक रिकामाच दिसतो. डोळ्यांना जागा शिल्लक दिसते आणि भार मात्र संपलेला असतो.

अशी गाडी मागून खचते, पुढून उचलली जाते, आणि गतिरोधकावर तिची आस रबरी ठोकळ्यावर आदळते. यावर गाडीमालकांच्या परिचयाचा उपाय म्हणजे मागच्या पाट्यांत एक-दोन पाटे जादा घालणे. उपाय स्वस्त आहे, अर्ध्या दिवसात होतो, आणि त्याचा परिणाम डोळ्यांना तत्काळ दिसतो : गाडी सरळ उभी राहते. परंतु गाडी सरळ उभी राहणे आणि गाडीची भारवहनक्षमता वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर किती, आणि पाटे बळकट करणे कोठे योग्य व कोठे घातक ठरते, याचा विचार येथे केला आहे.

हा परिसर लहान मालवाहू गाड्यांचे माहेरघरच म्हणावा लागेल. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीच्या तीनचाकी गाडीमुळे ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका रुजला, की कोणत्याही लहान मालवाहू गाडीस आजही टेम्पोच म्हणतात. कंपनीने २००५ मध्ये आपले नाव बदलून फोर्स मोटर्स असे केले, तरी शब्द टिकून आहे. त्याच वर्षी टाटा मोटर्सने सुमारे पाऊण टन माल वाहणारी एस ही गाडी बाजारात आणली व लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. हत्तीच्या नावाने गाडीकडून हत्तीच्या बळाची अपेक्षा होऊ लागली, हा या नामकरणाचा एक अनपेक्षित परिणाम असावा.

पाट्यांची कल्पना मोटारीहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी कमानीसारख्या वाकविलेल्या पोलादी पाट्यांच्या रचनेचे एकस्व घेतले. आपल्याकडील टांग्यासही कमानी असत. बैलगाडीस त्या नसत, तिच्या आखावर साटीचा भार सरळ येई. पिकअपच्या मागील पाट्यांची आजची रचना तत्त्वतः त्याच वंशातील आहे. सर्वांत लांब मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांस डोळे असतात. पुढचा डोळा चासीस थेट जोडलेला असतो व मागचा झुलत्या शॅकलने जोडलेला असतो, कारण भार आल्यावर कमान सरळ होताना तिची लांबी वाढते आणि त्या वाढीस वाट द्यावी लागते. मुख्य पाट्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे असून मधल्या बोल्टने ते एकत्र धरलेले असतात, आणि यू-बोल्टांनी ते आसेस आवळलेले असतात. या जुडग्याचे काम केवळ भार पेलण्याचे नाही. आस जागेवर धरणे, इंजिनाची ओढ व ब्रेकचा रेटा चासीपर्यंत पोचविणे, आणि ब्रेक लागताना आसेस होणाऱ्या पिळास विरोध करणे हीही कामे तेच करते.

पाट्यांच्या जुडग्याची ताठरता पाट्यांची संख्या व रुंदी यांच्या सम प्रमाणात, जाडीच्या घनाच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. एक उदाहरण घेऊ. लांबी १२०० मिलिमीटर, रुंदी ७०, जाडी ८ मिलिमीटर असे ५ पाटे मानले, तर पोलादाचा यंगचा गुणांक लक्षात घेता ताठरता दर मिलिमीटरला सुमारे ५.८ किलोग्रॅम भार इतकी येते. रिकाम्या गाडीत प्रत्येक बाजूच्या पाट्यांवर २५० किलोग्रॅम व अनुज्ञेय मालासह ८०० किलोग्रॅम भार असेल, तर पाटे अनुक्रमे ४३ व १३८ मिलिमीटर लवतात. म्हणजे माल भरल्यावर गाडी मागे ९५ मिलिमीटर खाली बसते. हे बसणे दोष नव्हे. अभिकल्पकाने ते गृहीतच धरलेले असते.

आता त्याच मापाचे २ पाटे जादा घातले. ताठरता ७ ला ५ या प्रमाणात वाढून ८.१ होते. मालकाने माल वाढविला व प्रत्येक बाजूस ८०० ऐवजी १२०० किलोग्रॅम भार आला, तरी पाटे १४८ मिलिमीटरच लवतात. पूर्वीच्या अनुज्ञेय भाराला १३८ लवत होते. पाट्यांतील वाकण्याचे प्रतिबलही पूर्वी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६३० न्यूटन होते, ते ६७५ झाले. पाट्यांपुरते पाहिले तर काहीच बिघडलेले नाही. गाडी पूर्वीइतकीच बसते, पाटे पूर्वीइतकेच ताणले जातात, आणि माल मात्र बराच अधिक जातो. या समाधानकारक दृश्यातच सारा धोका आहे. गाडीचे खचणे ही भाराची खूण होती. पाटे वाढविल्याने ती पुसली गेली, भार मात्र जसाच्या तसा राहिला.

तो भार पुढे कोठे जातो हे पाहिले पाहिजे. आसेचे व चाकांचे स्वतःचे वजन २०० किलोग्रॅम धरल्यास मागील चाकांवरचा एकूण भार १८०० वरून २६०० किलोग्रॅम झाला. आसेच्या नळकांड्यातील वाकण्याचे प्रतिबल दीडपट झाले. ज्या गाड्यांत चाकाचा भार फिरत्या आसदंडावरच येतो, तेथे प्रत्येक फेऱ्यास दंडाचा वरचा ताण खाली व खालचा वर जातो. पाऊण मीटरहून थोड्या कमी व्यासाचे चाक धरले तर अशा उलटापालटी दर किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास होतात. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. प्रतिबल थोडे वाढले तरी आयुष्य पुष्कळ घटते, आणि दंड तुटतो तो बहुधा पूर्वसूचना न देता. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या सुमारे सव्वातीनाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, असे प्रमाणित सूत्र सांगते. दीडपट भाराने ते चौथाईच्या आसपास येते. टायरची गोष्ट तर टायरवरच लिहिलेली असते. प्रत्येक टायरवर भारांक छापलेला असून तो ठराविक हवेच्या दाबालाच लागू असतो. त्याहून अधिक भार आला की टायरची बाजू अधिक वाकते, वाकण्याने तापते, आणि उन्हाळ्यातील डांबरी रस्त्यावर त्या उष्णतेस जाण्यास जागा राहत नाही.

रस्त्याचेही काही नुकसान होतेच. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ता-चाचणीतून असा स्थूल नियम निघाला, की रस्त्याची हानी आसेवरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. वरील उदाहरणात ती सव्वाचारपटींहून अधिक होते. तथापि पिकअपची आस मुळातच हलकी असल्याने रस्त्याच्या दृष्टीने मोठ्या ट्रकचा अपराध अधिक, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

ब्रेकची बाब याहून सूक्ष्म आहे आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. तेथे पूर्ण ब्रेक लागला तर चाके जागच्या जागी अडकून गाडी फिरते. म्हणून अनेक पिकअप गाड्यांत चासी व आस यांच्यामध्ये भारसंवेदी झडप बसविलेली असते. कारागीर तिला एलएसपीव्ही या आद्याक्षरांनीच ओळखतात. ही झडप भार मोजत नाही, चासी आणि आस यांतील अंतर मोजते. अंतर कमी झाले म्हणजे माल भरला असे समजून ती मागच्या ब्रेकला अधिक दाब देते. पाटे ताठर केले की हे गणित बिघडते. वरील उदाहरणात ८०० किलोग्रॅम भाराला ७ पाटे ९८ मिलिमीटरच लवतात. पूर्वीच्या ५ पाट्यांच्या हिशेबाने तेवढे लवणे हा ५७० किलोग्रॅमचा भार होय. झडप तेवढाच भार आहे असे समजून मागचा ब्रेक आखडता लावते. पाट्यांना जादा बाक देऊन गाडी वर उचलली असेल, तर ही चूक आणखी वाढते. म्हणजे भार वाढविण्याच्या हेतूने केलेल्या बदलाने भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी होतो, पुढच्या ब्रेकांवर अधिक काम पडते, ते तापतात, व गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते. पाटे बदलल्यावर ही झडप उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे नव्याने जुळविणे अत्यावश्यक आहे. पाट्यांच्या कामासाठी गाडी सोपविताना ते सांगावे लागते.

जादा पाटा कसा असावा यालाही नियम आहे. ८ मिलिमीटरच्या जुडग्यात १० मिलिमीटरचा एक पाटा घातला, तर तो एकटा जवळजवळ दोन पाट्यांचे काम करतो, कारण जाडीचा घन १.९५ पट होतो. परंतु सर्व पाटे एकत्र वाकत असल्याने त्या जाड पाट्यातील प्रतिबल शेजाऱ्यांच्या सव्वापट असते. तोच आधी तुटतो, आणि तुटल्यावर त्याचा भार एकाएकी इतरांवर पडतो. जुन्या पाट्यांत नवा पाटा मिसळल्याचा परिणामही असाच होतो : जुन्यांचा बाक उतरलेला असतो, नव्याचा ताजा असतो, आणि नवाच सारा ताण घेतो. म्हणून दोन्ही बाजूंचे जुडगे एकाच वेळी, एकाच मापाचे व एकाच जातीच्या पोलादाचे करणे इष्ट.

पाट्यांचे पोलाद सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम-व्हॅनेडियम मिश्रणाचे असते. ते तापवून, तेलात विझवून व पुन्हा मंद तापवून त्यास ठराविक कठीणपणा दिलेला असतो. शेवटी पोलादी गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागावर दाबाचे प्रतिबल निर्माण केलेले असते, जेणेकरून चिरा उगम पावू नयेत. बाक वाढविण्यासाठी गॅसच्या ज्योतीने पाटा जागेवर तापविणे म्हणजे ही सारी प्रक्रिया त्या जागी रद्द करणे होय. पाट्यास वेल्डिंग करणे हे तर त्याहून वाईट. थंड पाटा ठोकून बाक देण्याची जुनी रीत त्या मानाने निरुपद्रवी, पण दिलेला बाक फार दिवस टिकत नाही. जुडगा जाड झाला की यू-बोल्ट लांब लागतात. ते नवेच घ्यावेत, ठरलेल्या बळाने आवळावेत आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळावेत; पाटे एकमेकांवर बसले की जुना आवळ सैल पडतो. बोल्ट सैल झाले तर सारा रेटा मधल्या बोल्टवर येतो, तो तुटतो, आणि आस तिरकी सरकते.

आता परतीची खेप. भाड्याचा माल टाकून पिकअप बहुधा रिकामी परत येते, म्हणजे तिच्या आयुष्यातील मोठा भाग रिकाम्या स्थितीत जातो. वरील उदाहरणात रिकाम्या गाडीची मागील कंपनसंख्या ५ पाट्यांवर सेकंदास २.४ होती, ती ७ पाट्यांवर २.८ होते. चालकाच्या पाठीला हा फरक कळतो. पण पाठीपेक्षा महत्त्वाचे हे, की खडबडीत रस्त्यावर ताठर पाट्यांची हलकी गाडी उडते, चाक क्षणभर रस्ता सोडते आणि तेवढ्या वेळात त्यास ब्रेकही नसतो, वळणही नसते. मूळ शॉक ॲब्सॉर्बर मूळ ताठरतेसाठी निवडलेले असल्याने ताठर पाट्यांची उसळी त्यांना आवरत नाही. शिवाय केवळ मागची बाजू ताठर केल्यास वळणावर बाहेरच्या मागील चाकाकडे भाराचा अधिक वाटा जातो आणि गाडीचा मागचा भाग बाहेर घसरण्याची प्रवृत्ती वाढते. ओल्या रस्त्यावर रिकाम्या पिकअपचा चालक याचा अनुभव घेतो. कारण मात्र तो रस्त्यावर ढकलतो.

मग पाटे बळकट करूच नयेत काय? असे म्हणणे अतिरेकाचे होईल. जुन्या गाडीचे पाटे बसले असतील व अनुज्ञेय भारालाच ती ठोकळ्यावर आदळत असेल, तर मूळ मापाचे नवे पाटे घालणे ही दुरुस्तीच आहे. पाण्याची टाकी किंवा दाबहवेचे यंत्र यांसारखे कायमचे ओझे असलेल्या गाडीत, भार अनुज्ञेय मर्यादेच्या आत असूनही, थोडी अधिक ताठरता उपयोगी पडते. उंच माल वाहताना गाडी डोलते तेथेही तसेच. अशा वेळी सर्वांत सयुक्तिक उपाय म्हणजे हेल्पर पाटा. तो मुख्य जुडग्यावर किंवा खाली थोडी फट ठेवून बसविलेला असतो. गाडी रिकामी असताना तो कामात येत नाही. ठराविक भारानंतर चासीवरील आधारास टेकतो व मगच ताठरता वाढवितो. रिकाम्या गाडीचा मऊपणा व भरलेल्या गाडीचा ताठरपणा असे दोन्ही गुण त्यात साधतात. हवेच्या पिशव्या त्याच तत्त्वाचा अधिक लवचीक आविष्कार आहेत, कारण दाब बदलून त्यांची ताठरता बदलता येते. मात्र गळती व धुळीचा त्रास त्यांच्या वाट्यास येतो. पाटे व आस यांमध्ये लाकडाचा किंवा लोखंडाचा ठोकळा घालून गाडी केवळ उंच करण्याचा प्रकार सर्वथा त्याज्य होय : ताठरता मुळीच वाढत नाही, ब्रेकच्या पिळाने पाटे मात्र अधिक मुरडतात.

आणि अनेकदा पाट्यांना हात लावण्याची गरजच नसते. माल ठेवण्याची जागा बदलावी लागते. दोन आसांतील अंतर ३ मीटर असलेल्या गाडीत १५०० किलोग्रॅम माल मागील आसेच्या ३० सेंटिमीटर पुढे ठेवला, तर मागील आसेवर १३५० व पुढील आसेवर १५० किलोग्रॅम येतो. तोच माल आसेच्या ३० सेंटिमीटर मागे सरकला, तर मागे १६५० किलोग्रॅम येतो आणि पुढच्या आसेवरचा भार उलट १५० किलोग्रॅमने घटतो. सुकाणू हलके लागते ते यामुळे. उतरविण्याच्या सोयीसाठी हमाल जड खोकी फाळक्याजवळ ठेवतात. तेवढी सवय बदलली तर मागील आसेवरचे ३०० किलोग्रॅम एकही पाटा न बदलता कमी होतात.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही; कलम ११३ प्रमाणे प्रमाणपत्रातील एकूण वजनाहून अधिक भाराने गाडी चालविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवून घेतला जातो. पाटे किती घातले याने प्रमाणपत्रातील आकडा बदलत नाही. तो आकडा आस, टायर, ब्रेक व चासी या सर्वांच्या चाचणीतून ठरलेला असतो. एकाच घराण्यातील अधिक क्षमतेच्या गाडीत उत्पादक केवळ पाटे वाढवीत नाही. तेथे आस, टायर व ब्रेक यांचीही निवड नव्याने होते.

तथापि केवळ कायदा सांगून प्रश्न सुटत नाही. गाडीमालकाच्या डोक्यावर हप्ता असतो. भाडे खेपेवर ठरते आणि खेपेत किती माल घालायचा हे बहुधा माल पाठविणारा ठरवितो. जादा पाट्यांचा खर्च, लवकर गेलेले टायर, बेअरिंग आणि दंड हे सारे मालकाच्या खात्यावर पडते. वाचलेल्या खेपेचा लाभ मात्र दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या परिसरात प्रबंधाचा विषय शोधावयाचा असेल, तर पाट्यांच्या धातुशास्त्राइतकाच हा हिशेबही अभ्यासास योग्य आहे.

देहूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकाराम महाराजांची पालखी येथून प्रस्थान ठेवते व पुढचा मुक्काम आकुर्डीस होतो. दिंड्यांबरोबर सामानाच्या व पाण्याच्या गाड्या असतात, आणि त्यांत लहान गाड्याही असतात. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन भार. टाकीचे वजन वेगळे. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी ब्रेक लागताच पुढे धावते व लगेच मागे येते, त्यामुळे आसांवरील भार सतत हेलकावतो. टाकीत आडवे पडदे असल्यास हे हेलकावे कमी होतात. अशी गाडी वेगाने जात नाही हे खरे. पण तिच्या पुढे-मागे माणसे पायी चालत असतात, आणि तेथे ब्रेकचे अंतर मीटरभर वाढले तरी ते मोजावे लागते.

पाट्यांविषयी निर्णय घेण्यापूर्वी करावयाची तपासणी साधी आहे. नेहमीचा माल भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी व तीन वजने घ्यावीत : पूर्ण गाडीचे, केवळ पुढील चाके काट्यावर ठेवून, आणि केवळ मागील चाके ठेवून. मागील आसेचा आकडा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी व दोन्ही टायरांच्या भारांकाशी ताडून पाहावा. तो मर्यादेच्या आत असून गाडी बसत असेल, तर पाटे तपासावेत. मर्यादेबाहेर असेल, तर माल उतरवावा किंवा पुढे सरकवावा आणि काट्यावर पुन्हा चढावे.